बासमती भात आणि घराचे आरोग्य

गेल्या पावसाळ्यात खजरान्यातील एका शेतकरी कुटुंबाकडे आमचे जाणे झाले. घरातील मावशींनी साठी ओलांडलेली. रक्तातील साखर वाढल्याचे निदान त्यांना नुकतेच झाले होते. डॉक्टरांनी सांगितले, "भात कमी करा." दुकानदाराने सांगितले, "साधा भात सोडा, बासमती खा, साखर वाढत नाही." दोघांपैकी दुकानदाराचा सल्ला साहजिकच अधिक गोड वाटला. तेव्हापासून रेशनचा तांदूळ बाहेर जाऊ लागला आणि घरात बासमतीची पिशवी येऊ लागली. मावशी दोन्ही वेळा पोटभर बासमती भात खाऊ लागल्या. तीन महिन्यांनी तपासणी केली, तर साखर उतरली नव्हतीच. उलट थोडी वर गेली होती.

आम्ही जेवायला बसलो तेव्हा आणखी एक गोष्ट लक्षात आली. भात लांब, मोकळा, सुवासिक होता. पण वरण अगदी पातळ होते. सूनबाईंनी संकोचाने सांगितले की तांदळाचा खर्च वाढल्यापासून डाळ जपून वापरावी लागते आणि मुलांचे दूधही निम्म्यावर आले आहे.

"एवढा महागाचा तांदूळ खातो, तरी असं का हो?" मावशींनी विचारले.

हा प्रश्न एकट्या मावशींचा नाही. बासमतीबद्दल पुष्कळ समज-गैरसमज आपल्या शेतकरी घरांत शिरले आहेत. म्हणून या पानावर आज त्याचाच हिशेब मांडू या.

गव्हाच्या मुलखात भात

खजराना आज गणेश मंदिरामुळे आणि नाहरशाह वली दर्ग्यामुळे सर्वांना ठाऊक आहे. एके काळी ते इंदूरबाहेरचे खेडे होते. शहर वाढत आले आणि शेतांच्या जागी वसाहती उभ्या राहिल्या. माळव्याची ही काळी जमीन मुळात गहू, ज्वारी, मका आणि हरभरा यांची. पुढे त्यात सोयाबीनची भर पडली. भात हे येथील रोजचे अन्न नव्हते. सणावाराला, लग्नात, नाताळात किंवा पाहुणे आले म्हणजे तो शिजे. होळकरांच्या काळापासून येथे राहिलेल्या मराठी घरांत वरणभात होता खरा. पण तोही पोळीभाकरीनंतरचा, शेवटचा घास म्हणून.

आता चित्र पालटले आहे. ज्यांची शेते गेली, त्यांची ज्वारीही गेली. ज्यांची शेते आहेत, ते सोयाबीन विकून दुकानातून धान्य आणतात. भात लवकर शिजतो, मुलांना आवडतो आणि भाकरी थापण्याचा त्रास वाचतो. सकाळी पोहे, दुपारी भात, रात्री पुन्हा भात, असा क्रम पुष्कळ घरांत झाला आहे. पोहे हाही तांदूळच, हे आपण विसरतो!

बासमतीचे वेगळेपण कशात?

बासमती म्हणजे सुवासाने भरलेला. दाणा लांब आणि सडपातळ असतो. शिजल्यावर तो जाडीला फारसा वाढत नाही, लांबीला मात्र दुपटीच्या आसपास जातो आणि एकमेकांना चिकटत नाही. हिमालयाच्या पायथ्याच्या प्रदेशात दाणा भरण्याच्या वेळी रात्री थंड होऊ लागतात. त्यामुळे तेथील तांदळाला हा वास चांगला उतरतो. तांदूळ काही महिने जुना झाला की अधिक मोकळा शिजतो, म्हणून जुन्या बासमतीला भाव जास्त.

आपण जास्तीचे पैसे मोजतो ते या गुणांसाठी: वास, लांबी आणि मोकळेपणा. हे गुण जिभेचे आणि नाकाचे आहेत. त्यांत काही वाईट नाही. घरात लग्न असेल, पुलाव करायचा असेल, तर बासमतीसारखा तांदूळ नाही. परंतु वास म्हणजे पोषण नव्हे.

शंभर ग्रॅमचा हिशेब

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली आपल्या देशातील अन्नपदार्थांची सारणी प्रसिद्ध केली. तिच्यानुसार १०० ग्रॅम पांढऱ्या, सडलेल्या कोरड्या तांदळात सुमारे ३५६ उष्मांक, ७८ ग्रॅम पिष्टमय पदार्थ, ८ ग्रॅमच्या आत प्रथिने, अर्धा ग्रॅम स्निग्धांश आणि ३ ग्रॅमच्या आत तंतुमय भाग असतो. लोह जेमतेम ०.६५ मिलिग्रॅम. पांढरा बासमती घेतला काय किंवा साधा पांढरा तांदूळ घेतला काय, या आकड्यांत मोठा फरक पडत नाही.

आता आपल्या शेतातल्या धान्याकडे पाहू. त्याच सारणीत १०० ग्रॅम गव्हाच्या कणकेत साडेदहा ग्रॅम प्रथिने, ११ ग्रॅमहून अधिक तंतुमय भाग आणि ४ मिलिग्रॅम लोह दाखवले आहे. ज्वारीत १० ग्रॅम प्रथिने, १० ग्रॅम तंतुमय भाग आणि सुमारे ४ मिलिग्रॅम लोह आहे. म्हणजे लोहाच्या बाबतीत ज्वारी पांढऱ्या तांदळाच्या सहापट! ज्या ज्वारीला आपण गरिबाचे धान्य म्हणून बाजूला सारले, ती या हिशेबात बासमतीच्या कितीतरी पुढे आहे.

भाताची चांगली बाजूही सांगितली पाहिजे. तो पचायला हलका. आजाऱ्याला, दात पडलेल्या वृद्धाला, नुकतेच जेवू लागलेल्या बाळाला मऊ भातासारखे अन्न नाही. ज्यांना गहू सोसत नाही त्यांना तो आधार आहे. भातातील प्रथिने थोडी असली तरी प्रतीने गव्हापेक्षा सरस मानली जातात. तेव्हा भात वाईट नाही. एकट्या भाताने पोट भरणे वाईट आहे.

कोंड्याबरोबर काय जाते?

साळीचे तूस काढले की आत तपकिरी दाणा राहतो. हातसडीचा तांदूळ पुष्कळसा असाच असे. गिरणीत हा दाणा घासून पांढरा शुभ्र करतात तेव्हा वरचा कोंडा आणि टोकाचा अंकुर निघून जातो. जीवनसत्त्वे, खनिजे आणि तंतू यांचा मोठा वाटा नेमका त्यातच असतो. पूर्वोक्त सारणीत न सडलेल्या तांदळात ब-१ जीवनसत्त्व ०.२७ मिलिग्रॅम आहे, तर सडलेल्या पांढऱ्या तांदळात अवघे ०.०५. पाचातले चार वाटे कोंड्याबरोबर गेले!

ही गोष्ट जगाला फार मोठी किंमत देऊन कळली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जावा बेटावर बेरीबेरी रोगाने माणसे दगावत होती. हातपाय लुळे पडत, अंगावर सूज येई, हृदय थकून जाई. तेथे काम करणारे डच डॉक्टर क्रिस्तियान आयकमान यांना दिसले की सडलेला तांदूळ खाणाऱ्या कोंबड्यांनाही असाच रोग जडतो आणि न सडलेला तांदूळ दिला की त्या बऱ्या होतात. या शोधासाठी त्यांना १९२९ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. आपल्याकडेही डॉ. रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी १९१८ साली कुन्नूर येथे बेरीबेरीच्या चौकशीचे छोटे केंद्र सुरू केले. तेच वाढत वाढत आजची राष्ट्रीय पोषण संस्था झाले. म्हणजे देशातील पोषणाचा अभ्यासच एका अर्थी तांदळाच्या कोंड्यातून उगवला.

आपले गोव्याचे आणि कोकणचे बांधव उकडा तांदूळ खातात. साळ उकडून, वाळवून मग सडली जाते. उकडताना कोंड्यातील जीवनसत्त्वाचा काही भाग दाण्याच्या आत शिरतो आणि सडल्यावरही टिकतो. सारणीत अशा तांदळातील ब-१ जीवनसत्त्व ०.१७ मिलिग्रॅम दिले आहे, म्हणजे पांढऱ्याच्या तिपटीहून अधिक. शास्त्र ठाऊक नसताना आपल्या पूर्वजांनी किती शहाणपणाची रीत पाडली होती, पाहा.

बासमतीही न सडलेला, तपकिरी मिळतो. त्यात तंतू आणि जीवनसत्त्वे अधिक असतात. मात्र त्याच्या कोंड्यात तेल असल्याने तो लवकर खवट होतो. थोडा थोडा आणावा, जास्त वेळ भिजवावा आणि सावकाश शिजवावा.

मधुमेह आणि बासमती

मग दुकानदाराचे म्हणणे निव्वळ खोटे होते काय? नाही. त्यात अर्धे सत्य होते, आणि अर्धे सत्य फार फसवे.

तांदळातील पिष्ट दोन प्रकारचे असते. एक सरळ साखळीचे, दुसरे फांद्या फुटलेले. सरळ साखळीचे पिष्ट सावकाश पचते. बासमतीत त्याचे प्रमाण मध्यम, म्हणजे २० ते २५ टक्क्यांच्या आसपास असते. चिकट भाताच्या जातींत ते फार कमी. त्यामुळे बासमती खाल्ल्यावर रक्तातील साखर थोडी सावकाश चढते. साखर चढण्याचा वेग मोजण्याचे जे माप आहे, त्यात शुद्ध ग्लुकोजला १०० धरले तर बासमती बहुतेक तपासण्यांत ५० ते ६० च्या दरम्यान येतो. पुष्कळसे इतर पांढरे तांदूळ ७० च्या आसपास किंवा वर जातात. साध्या तांदळाच्या काही जाती मात्र बासमतीच्या जवळपासच असतात.

पण साखर सावकाश चढते याचा अर्थ ती चढत नाही असा नव्हे. ३० ग्रॅम कोरड्या तांदळाचा एक लहान वाटी भात होतो आणि त्यात सुमारे २३ ग्रॅम पिष्टमय पदार्थ असतात. मावशी एका जेवणात तशा तीन-चार वाट्या खात होत्या. चार वाट्यांचे झाले ९० ग्रॅमहून अधिक. तांदूळ कोणताही असो, एवढे पिष्ट पोटात गेल्यावर साखर वाढणारच. "हा बासमती आहे" या विश्वासाने त्या पूर्वीपेक्षा जास्त भात घेत होत्या, हे त्यांनी स्वतःच कबूल केले.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. देशात मधुमेहाचे सुमारे १० कोटी १० लाख रुग्ण असल्याचा अंदाज त्यात दिला आहे. त्याच पाहणीतून २०२५ साली आणखी एक गोष्ट पुढे आली. आपल्या लोकांना मिळणाऱ्या उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के पिष्टमय पदार्थांतून येतात. नुसते पांढऱ्या तांदळाऐवजी गव्हाचे किंवा भरड धान्याचे पीठ वापरून धोका कमी होताना दिसला नाही. एकूण पिष्ट थोडे कमी करून त्याजागी डाळी, दूध अशा पदार्थांतील प्रथिने घेतली तर तो कमी होतो असे दिसले. म्हणजे "कोणता तांदूळ?" हा प्रश्न दुसरा. "किती, आणि कशाबरोबर?" हा पहिला.

रेशनचा तांदूळ टाकाऊ नव्हे

रेशनचा तांदूळ जाडाभरडा म्हणून पुष्कळ जण तो विकून टाकतात. हे कायद्याला धरून नाही, आणि फायद्याचेही नाही. सरकारी योजनेत २०२४ सालापर्यंत रेशनच्या तांदळात लोह, फॉलिक आम्ल आणि ब-१२ जीवनसत्त्व घातलेले दाणे मिसळण्यात आले होते; शंभर दाण्यांमागे असा एक दाणा. तो दिसायला थोडा वेगळा असतो. "प्लास्टिकचा तांदूळ" समजून आयाबाया तो वेचून फेकत होत्या. तो तांदळाच्याच पिठापासून बनवलेला असतो. आपल्या पिशवीवर तशी सूचना असेल, तर दाणे वेचू नयेत. मात्र घरात सिकलसेल किंवा थॅलेसेमियाचा रुग्ण असेल, तर त्याने लोहयुक्त अन्नाबद्दल डॉक्टरांना आधी विचारावे.

आणि पैशाचा विचार करा. किलोभर चांगल्या बासमतीच्या किमतीत साधा तांदूळ येऊन वर बहुधा अर्धा किलो डाळही येते. तूरडाळीत १०० ग्रॅममागे २१ ग्रॅमहून अधिक प्रथिने असतात. वाढत्या मुलाला काय हवे, लांब दाणा की घट्ट वरण?

शिजवताना जपावे

भात शिजवण्याची आपली रीतही तपासून पाहावी.

तांदूळ चार-पाच वेळा चोळून धुऊ नये. पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे त्याबरोबर जातात. निवडून एक-दोन वेळा हलक्या हाताने धुवावा.

बासमती अर्धा तास भिजवावा. भिजवलेले पाणी फेकू नये, त्यातच शिजवावा. एका वाटीला दीड ते दोन वाट्या पाणी पुरते.

भात वेळून पेज ओतून देऊ नये. वेळायचाच असेल, तर पेज मीठ घालून प्यावी किंवा आमटीत घालावी. "भात वेळला की साखर निघून जाते" हा समज बरोबर नाही. थोडे पिष्ट जाते, जीवनसत्त्वे मात्र पुष्कळ जातात.

भात उघड्यावर रात्रभर ठेवू नये. माळव्यातील उन्हाळ्यात त्यात लवकर जंतू वाढतात, आणि त्यांचे विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. उरलेला भात लवकर निववून फ्रिजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी संपवावा. फ्रिज नसेल, तर मोजकाच रांधावा.

ताट कसे वाढावे?

राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार दिवसाच्या उष्मांकांपैकी ४५ टक्क्यांहून अधिक धान्यातून येऊ नयेत. ताटाकडे पाहून हे असे सांभाळता येईल. आधी भाजी आणि कोशिंबीर वाढा, मग घट्ट वरण किंवा उसळ, मग एक ज्वारीची भाकरी किंवा पोळी आणि शेवटी लहान वाटीभर भात.

डाळ आणि भात ही जोडी विचारपूर्वक जुळलेली आहे. धान्यातील प्रथिनांत जो घटक कमी असतो तो डाळीत भरपूर असतो, आणि डाळीत जो कमी असतो तो धान्यात असतो. दोन्ही मिळून प्रथिने पूर्ण होतात. इंदूरच्या उसळ-पोह्यांतही हेच शहाणपण आहे. नुसत्या पोह्यांपेक्षा मोड आलेल्या कडधान्याची उसळ घातलेले पोहे चांगले. सोबतची जिलेबी मात्र मधुमेह्याने दुसऱ्याला द्यावी!

जेवताना लिंबू पिळावे. डाळभाजीतील लोह अंगी लागायला मदत होते. जेवल्याबरोबर चहा घेऊ नये. तो लोह अडवतो. अंगणात पालक-मेथीचा एक वाफा करावा. अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात काडीकचरा आणि शेण यांपासून कंपोस्ट करण्याची "इंदूर पद्धत" याच शहरात विकसित केली आणि ती जगभर गेली. खजरान्याच्या अंगणातही ती चालेल.

शेतात बासमती लावावा काय?

काही तरुण शेतकरी हेही विचारतात. साळीला आठवडेच्या आठवडे भरपूर पाणी लागते, आणि आपल्याकडील विहिरी-कूपनलिकांची स्थिती सर्वांना ठाऊक आहे. दुसरे असे की बासमतीला २०१६ साली भौगोलिक चिन्ह मिळाले ते पंजाब, हरियाणा, हिमाचल, दिल्ली, उत्तराखंड आणि उत्तर प्रदेश व जम्मू-काश्मीरचा काही भाग यांना. मध्य प्रदेशाने आपल्या १३ जिल्ह्यांसाठी दावा केला आणि तो न्यायालयापर्यंत गेला. पण त्या १३ जिल्ह्यांतही इंदूर नाही. मग आपल्या जमिनीला मानवणारा हरभरा आणि गहू सोडून त्याच्या मागे का लागावे? सुवासिक भाताची हौस असेल, तर बालाघाटचा चिन्नोर, मावळ-मुळशीकडचा आंबेमोहर, आजऱ्याचा घनसाळ हे आपलेच आहेत.

विकत घेताना नाव पाहून भुलू नये. सरकारच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांनुसार १ ऑगस्ट २०२३ पासून बासमतीत कृत्रिम रंग, कृत्रिम वास किंवा चकाकी आणणारे द्रव्य चालत नाही. पिशवी उघडताच अत्तरासारखा वास आला आणि शिजल्यावर तो उडून गेला, तर समजावे की काही तरी गडबड आहे. "मधुमेह्यांचा तांदूळ" असे छापलेल्या पिशवीकडेही शंकेनेच पाहावे.

पुन्हा मावशींच्या घरी

हे सारे आम्ही मावशींच्या ओसरीवर बसून सांगितले. त्या हसून म्हणाल्या, "म्हणजे डॉक्टर बरोबर होते म्हणा की!" त्या दिवसापासून त्यांनी भातासाठी एक लहान वाटी ठरवून घेतली. रेशनचा तांदूळ घरातच राहू लागला. बासमती रविवारी आणि सणाला. वाचलेल्या पैशातून डाळ आणि मुलांचे दूध पूर्ववत झाले. गावाकडच्या भावाने ज्वारीचे एक पोते पाठवले. पुढच्या तपासणीत साखर थोडी उतरली आहे. गोळ्या सुरूच आहेत, आणि त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायच्या नाहीत, हेही त्यांना पटले आहे. एका घराच्या अनुभवावरून नियम काढू नये. पण वरण घट्ट झाले, एवढे तर आम्ही डोळ्यांनी पाहिले.

वाचकहो, आज रात्री जेवायला बसाल तेव्हा ताटातला भात कोणत्या जातीचा हे नंतर पाहा. आधी त्याच्या शेजारच्या वाटीत डाळ किती आहे, ते पाहा.